चौकट सगळ्यांची, ताट तिचं

"आमच्याकडे प्रत्येक पेशंटला वेगळी ट्रीटमेंट असते." समुपदेशकाच्या खोलीत हे वाक्य कानावर आलं की आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. इतक्यात पडू देऊ नका. आधी विचारा, वेगळी म्हणजे कशापासून वेगळी? जो ठरलेला उपचार बाजूला ठेवताय, तो तुम्हाला येतो का? येत असेल तर त्यातलं काय ठेवलंत, काय वगळलंत आणि का? उत्तर मिळालं तर त्या वेगळेपणाला अर्थ आहे. नाही मिळालं तर ती मनमानी आहे, आणि खाण्याच्या विकारात मनमानी जिवावर बेतते.

अ‍ॅनोरेक्सियात माणूस खाणं तोडत तोडत स्वतःला झिजवतो. बुलिमियात अनावर खातो आणि मग उलटी, जुलाबाच्या गोळ्या, कडकडीत उपास किंवा बेफाम व्यायाम करून ते खाणं पुसून टाकायला बघतो. बिंज ईटिंगमध्ये पुसणं नसतं, पण अनावर खाणं आणि त्याची लाज तीच. हे पोरींचे नखरे नाहीत. पोरांनाही होतं. २०११ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले. अ‍ॅनोरेक्सियातला मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या पाच ते सहा पट निघाला. त्या मृत्यूंपैकी दर पाचातला एक आत्महत्येचा होता. बुलिमियात सततच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाची लय बिघडते. वरून मुलगी ठणठणीत दिसत असते.

या आजारांवर बोलण्यातून होणारा उपचार आहे, आणि तो गुणकारी आहे. सध्या वाद आहे तो त्याच्या शिलाईचा. सगळ्यांना एकच ठरलेला उपचार द्यावा, की प्रत्येकाच्या मापाने बेतावा? ऑक्सफर्डपासून अमेरिकेपर्यंत ही चर्चा चालू आहे. सोलापुरात बसून तिच्याकडे बघताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणावीशी वाटते. आपल्याकडे ठरलेलाही पोचलेला नाही आणि बेतलेलाही. आपल्याकडे पोचलाय तो फक्त सल्ला. "नीट जेवत जा." "टेन्शन घेऊ नकोस." "योगा कर." सल्ला दोन मिनिटांत देऊन होतो. उपचाराला वीस आठवडे लागतात.

सोलापुरात हा आजार आधी चुकीच्या दारांवर जातो. मुलगी खंगली की पहिली शंका टीबीची. एक्स-रे, थुंकी. मग पाळी बंद झाली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ. उलट्यांच्या आम्लाने दातांचं आवरण झिजलं म्हणून दातांचा दवाखाना. त्यानेही भागलं नाही की बाहेरचं बघणं, उतारा, अंगारा. "तू जेवतेस का, आणि जेवताना मनात काय येतं?" हा प्रश्न या प्रवासात क्वचितच विचारला जातो. त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) सांगते की महाराष्ट्रातल्या दर पाच महिलांमागे साधारण एक कमी वजनाची आहे आणि निम्म्याहून जास्त जणींना रक्तक्षय आहे. जिथे इतक्या जणी बारीक आणि फिकट असतात, तिथे आणखी एक कुणाला खटकावी?

मोजणीचंही तेच. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १२ राज्यांत केलं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. सोयींचंही तसंच. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. सोलापूरला १९६३ पासून डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेलं सिव्हिल हॉस्पिटल आहे. करमाळ्याची, सांगोल्याची, अक्कलकोटची, थेट शेजारच्या कर्नाटकातली माणसं तिथे येतात. त्या रांगेत खाण्याचा विकार असलेली मुलगी उभी असेल, तर तिच्या हातात बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी तक्रारीचा केसपेपर असतो.

आता तो ठरलेला उपचार म्हणजे काय, ते बघू. १९७९ मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी बुलिमियाचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं. दोनच वर्षांत, १९८१ मध्ये, ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी त्यावरचा बोलण्याचा उपचार मांडला, विचार आणि वागणं बदलणारा, म्हणजे सीबीटी. पुढे त्याची वाढवलेली आवृत्ती आली, तिला सीबीटी-ई म्हणतात. २००८ च्या त्यांच्या पुस्तकात ती पायरी-पायरीने दिली आहे. वजन फार कमी नसेल तर २० आठवड्यांत २० बैठका. वजन फार घसरलं असेल तर सुमारे ४०. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, कारण सुरुवात जोरकस झाली तरच पुढचं जमतं.

त्या बैठकांत नुसत्या गप्पा नसतात. रुग्णाने काय खाल्लं, कुठे, कधी आणि तेव्हा मनात काय आलं, हे त्याच क्षणी वहीत लिहायचं. रात्री आठवून लिहिलेलं चालत नाही. दिवसातून तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. हा सगळ्या उपचाराचा कणा आहे, कारण लांब उपासातूनच अनावर खाण्याचा झटका येतो, झटक्यातून उलटी येते आणि उलटीच्या पश्चात्तापातून पुढचा उपास. हे चक्र तोडायचं ते उपासाच्या जागी. आठवड्यातून एकदा उपचारकासमोर वजन, एरवी काट्यावर उभं राहायचं नाही. रुग्णाच्या आजाराचं चक्र त्याच्यासोबत बसून कागदावर काढायचं. मग टाळलेले पदार्थ एकेक करून ताटात परत आणायचे.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती वही. आजार लपूनछपून वाढतो आणि वहीत त्याला लपता येत नाही. पण उपचारकांना स्वतःला हे कठीण भाग टाळावेसे वाटतात. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ ग्लेन वॉलर यांनी २००९ मध्ये यावर बोट ठेवलं. सीबीटी करतो म्हणणारे उपचारक हळूहळू वही, वजन आणि जेवणाचं वेळापत्रक बाजूला सारतात आणि नुसते बोलत राहतात. रुग्णाला त्रास नको, नातं बिघडायला नको, अशी त्यांची समजूत असते. वरून हे प्रेमळ दिसतं. खाली आजार तसाच राहतो.

नुसतं बोलणं किती पुरतं, याचं उत्तर कोपनहेगनमध्ये मिळालं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बुलिमियाचे ७० रुग्ण होते. अर्ध्यांना दोन वर्षं दर आठवड्याला मनोविश्लेषणाची मोकळी, खोलात जाणारी बैठक. अर्ध्यांना पाच महिन्यांत सीबीटी-ईच्या २० बैठका. पाच महिन्यांनी अनावर खाणं आणि उलट्या पूर्ण थांबलेले रुग्ण सीबीटी-ईच्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात ६ टक्के. दोन वर्षांनी ४४ टक्के आणि १५ टक्के. हा अभ्यास मुख्यतः मनोविश्लेषणाच्या बाजूच्या लोकांनी केला होता आणि निकाल आपल्या विरुद्ध गेल्यावरही तो जसाच्या तसा छापला. त्यांच्या प्रामाणिकपणाला माझा नमस्कार. मोकळ्या बोलण्यातून माणूस स्वतःला ओळखतो, यात शंका नाही. पण आधी जेवण सुरळीत व्हायला हवं.

म्हणजे ठरलेला उपचारच जिंकला? नाही. खुद्द फेअरबर्न यांनी त्याच्या दोन आवृत्त्या समोरासमोर ठेवल्या. २००९ चा अभ्यास, १५४ रुग्ण. एक आवृत्ती फक्त खाण्याच्या विकारावर रोखलेली. दुसरी रुंद. तिच्यात रुग्णाचा पराकोटीचा अचूकपणाचा हट्ट, स्वतःबद्दलचं हीन मत, नात्यातले तिढे यांपैकी जे असेल त्यावरही काम. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर दोन्ही सारख्याच ठरल्या आणि साधारण निम्मे रुग्ण चांगले सुधारले. पण ज्यांचे बाकीचे तिढे मोठे होते, त्यांना रुंद आवृत्ती जास्त लागू पडली. ज्यांचे तसे नव्हते, त्यांना साधी रोखलेलीच बरी ठरली. माप घेऊन शिवलेलं सगळ्यांनाच चांगलं बसतं, ही समजूत तिथे मोडली.

त्याआधी २००६ मध्ये स्वीडनच्या अता घादेरी यांनी बुलिमियाच्या ५० रुग्णांवर हेच तपासलं होतं. एका गटाला मॅन्युअलप्रमाणे, दुसऱ्याला व्यक्तीनुसार बेतलेला उपचार. बहुतेक मापांवर दोन्ही गट सारखेच सुधारले. अनावर खाणं पूर्ण थांबण्यात आणि शरीराबद्दलची नाराजी कमी होण्यात बेतलेला उपचार थोडा पुढे. मला त्यातला दुसरा एक आकडा जास्त बोलका वाटतो. दहा रुग्णांना काहीच गुण आला नाही, आणि त्या दहांपैकी आठ मॅन्युअलच्या गटातले होते. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमारत बांधू नये. दिशा मात्र कळते. ठरलेला उपचार बहुतेकांना पुरतो आणि ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी बेतावा लागतो.

आता अमेरिकेत लुईव्हिल विद्यापीठात चेरी लेव्हिन्सन आणि त्यांचे सहकारी एक पाऊल पुढे गेले आहेत. रुग्ण काही दिवस मोबाइलवर दिवसातून अनेकदा छोट्या प्रश्नांची उत्तरं देतो. त्यावरून त्या एका माणसात कोणतं लक्षण कोणत्या लक्षणाला ओढून आणतं, याचं जाळं काढलं जातं. एकीच्या जाळ्याच्या मध्यभागी वजनाची भीती असते, दुसरीच्या मध्यभागी चुकण्याची. जे मध्यभागी, त्यावर आधी उपचार. इथे बेतलं जातं ते मोजमाप करून, आणि वापरली जातात ती आधी सिद्ध झालेली तंत्रं. हे व्यक्तीनुसार आहे, पण मनाला येईल तसं नाही.

हा फरक सोलापूरकराला टीबीवरून लगेच कळेल. सरकारी कार्यक्रमात नव्या रुग्णाला सहा महिन्यांची ठरलेली औषधं मिळतात. गोळ्या किती, ते वजनाच्या गटावर ठरतं. थुंकीच्या तपासणीत रिफॅम्पिसिन या औषधाला न जुमानणारे जंतू सापडले तर औषधंच बदलतात. प्रत्येकाला त्याच्या शरीराप्रमाणे मिळतं, पण नियमाने मिळतं, आणि का मिळालं ते कागदावर असतं. खाण्याच्या विकाराच्या उपचारातही एवढीच शिस्त हवी.

आता दोन मुली डोळ्यांसमोर आणा. दोघी मी कल्पिलेल्या आहेत. त्यांच्या भोवतीचं सोलापूर खरं आहे.

पहिली विजापूर रोडवरच्या फ्लॅटमधली, एकोणीस वर्षांची, नीटची दुसऱ्यांदा तयारी करणारी. दिवसभर ब्लॅक कॉफी आणि काकडी. रात्री सगळे झोपले की फरसाण, पाव, बिस्किटांचा पुडा आणि मग बाथरूमचा नळ सोडून उलटी. टेस्टमध्ये पाच मार्क कमी पडले की त्या रात्री हमखास. घरात वजनकाटा आहे, ती दिवसातून चारदा त्यावर चढते. हिच्यासाठी ठरलेला उपचार जवळजवळ जसाच्या तसा लागू आहे. वही, वेळेवर खाणं, काटा बाहेर. भर घालायची ती अचूकपणाच्या हट्टावर, कारण तिच्या चक्राला तोच ढकलतोय. फेअरबर्न यांची रुंद आवृत्ती अशांसाठीच आहे.

दुसरी शहराच्या पूर्व भागातली, सतरा वर्षांची. वडील यंत्रमागावर, आई बिड्या वळते. घरी तेलुगू, शाळेत मराठी. खोली एकच. मुलगी सहा महिन्यांपासून जेवण कमी करत करत अर्ध्या भाकरीवर आली आहे. जाड होण्याची भीती वाटते का, असं विचारलं तर ती बुचकळ्यात पडते. तिचं म्हणणं, पोट भरल्यासारखं वाटतं, घशाखाली उतरत नाही. मॅन्युअल उघडून हिला वजन आणि बांध्याच्या अवास्तव महत्त्वाबद्दल बोलायला लागलात, तर दुसऱ्या बैठकीला ती येणार नाही.

आणि ती खोटं बोलत नाही. १९९५ मध्ये दिल्लीच्या खंडेलवाल, शरण आणि सक्सेना या मानसोपचारतज्ज्ञांनी पाच भारतीय तरुणींची नोंद प्रसिद्ध केली. खाणं नाकारणं, वजन घटणं, पाळी थांबणं होतं. पण पाश्चात्त्य पुस्तकांतली शरीराबद्दलची विकृत कल्पना किंवा सततची अस्वस्थ धावपळ त्यांच्यात नव्हती. हाँगकाँगच्या सिंग ली यांनी १९९३ मध्ये ७० चिनी रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांनी न खाण्यामागे जाड होण्याची भीती सांगितलीच नव्हती. पोट फुगतं, भूक नाही, अशी कारणं होती. ठरलेला उपचार ज्या खुंटीला टांगलेला आहे, ती खुंटीच काही रुग्णांच्या घरात नसते. अशा वेळी बेतणं ही चैन राहत नाही, ती गरज होते. वही तीच, वेळापत्रक तेच, वजन तेच. संवादाचा गाभा मात्र तिच्या पोटापासून आणि तिच्या घरापासून सुरू व्हायला हवा.

तिचं घर म्हणजे काय? बायका शेवटी जेवतात आणि उरलं ते जेवतात. घरातल्या कुणी तिला कमी जेवताना पाहिलेलंच नसतं, कारण तिच्या जेवणाच्या वेळी कुणी तिथे नसतं. मोबाइल भावाच्या हातात असतो, मग लेव्हिन्सन यांच्यासारखी दिवसातून अनेकदा उत्तरं ती कुठे देणार? तिच्यासाठी चार आण्याचं कागदी कार्डच बरं. ज्यावर खाडाखोड न करता खूण करता येईल असं, तेलुगूत छापलेलं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी कुटुंबाला धरून करायचा उपचारही सिद्ध आहे. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात त्याची पायाभरणी झाली, १९८७ मध्ये त्याचा पहिला मोठा अभ्यास आला. त्यात सुरुवातीला जेवणाची सूत्रं आईवडील हातात घेतात. वडील यंत्रमागाच्या पाळीवर आणि आई बिड्यांचा हजाराचा हिशेब पुरा करण्यात गुंतलेली असेल, तर ताटासमोर बसेल कोण? आजी? मावशी? शेजारची काकू? उपचारकाने हे विचारलं तर त्याने बेतलं. "आईवडिलांनी लक्ष द्यावं" असं लिहून दिलं तर त्याने हात झटकले.

आणि नव्याने लग्न होऊन आलेली सून असेल तर? तिचा आजार सासरी सांगायचा की नाही, सांगायचा तर कुणाला, हे तिने ठरवायचं. कुटुंबाला धरा, असं पुस्तक सांगतं. कोणतं कुटुंब, ते पुस्तकाला माहीत नसतं.

आता उपासाचं. इथे सगळ्यात जास्त घसरायला होतं. चार तासांहून जास्त उपाशी राहायचं नाही, हा उपचाराचा कणा. आणि आपल्या घरात सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन एकादश्या, श्रावण, नवरात्राचे नऊ दिवस. जिल्ह्यातच पंढरपूर. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचा पूर. जैन घरांत पर्युषण, मुस्लिम घरांत रमजान. उपचारक म्हणाला, "उपास बंद," तर घर त्याच्या विरोधात जाईल. तो म्हणाला, "तुमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, मी काही बोलत नाही," तर आजाराला सोन्याचं कवच मिळालं.

नीट विचारलं तर वाट निघते. हे व्रत कुणी सुरू केलं? घरात आणखी कोण करतं? उपास सोडताना तिला आनंद होतो की धडकी भरते? सगळ्यात महत्त्वाचं, उद्यापन कधी? सोळा सोमवारांचं व्रत सतराव्या सोमवारी उद्यापनाने पूर्ण होतं. व्रताला शेवट असतो, प्रसाद असतो, चार माणसांना जेवू घालणं असतं. ज्या उपासाला उद्यापन नाही, ज्यात प्रसादाचा घासही टाळला जातो, जो दर महिन्याला एक वार वाढतो, तो उपास देवाचा राहिलेला नाही. आजारी माणसाला, गरोदर बाईला, लहान मुलाला सवलत देण्याची रीत आपल्या घरांत आहेच, ती आजी जाणते. तिला सोबत घेऊन रीतसर उद्यापन करून व्रत पूर्ण करता येतं. हे कुठल्याही ऑक्सफर्डच्या मॅन्युअलमध्ये नाही. ते सोलापुरातच लिहावं लागेल.

ठरलेल्या गोष्टी आपल्या मापाने तपासल्या नाहीत तर काय होतं, त्याचा एक नमुना. खाण्याचा विकार चटकन ओळखण्यासाठी १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये पाच प्रश्नांची स्कॉफ नावाची चाचणी आली. सोपी, दोन मिनिटांची, दोन होकार आले तर पुढे तपासा. त्यातला एक प्रश्न आहे, गेल्या तीन महिन्यांत एक स्टोनपेक्षा जास्त वजन घटलं का? स्टोन म्हणजे साधारण साडेसहा किलो. सत्तर किलोच्या इंग्रज बाईला हा प्रश्न ठीक. आपली अडतीस-चाळीस किलोची मुलगी साडेसहा किलो घटेपर्यंत थांबायचं? तोवर ती अतिदक्षता विभागात असेल. चाचणी वापरा, जरूर वापरा. पण त्या प्रश्नात किलोचा आकडा न ठेवता तिच्या स्वतःच्या वजनाचा हिस्सा विचारा, आणि इथल्या मुलींवर तपासून घ्या.

मुलांनाही विसरू नका. पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारा, जिममध्ये दोन-दोन तास घालणारा, पगारातले निम्मे पैसे प्रोटीनच्या डब्यात घालणारा, लग्नाच्या पंगतीतून पळ काढणारा मुलगा कुणाला आजारी वाटत नाही. त्याची पाठ थोपटली जाते. वहीत त्याचं चक्रही तसंच उमटेल. फक्त त्याच्याशी बोलताना शब्द वेगळे लागतील.

"हे सगळं आपल्याकडे जमणार आहे का?" असं विचारणाऱ्यांना मी गोव्याकडे बोट दाखवतो. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे 'संगत' ही संस्था सुरू केली. त्यांनी नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा ठरलेला उपचार इथल्या माणसांसाठी, इथल्या भाषांत तयार केला. तो द्यायला डॉक्टर नेमले नाहीत. मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवलं आणि त्यांच्या कामावर सतत देखरेख ठेवली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या ४९५ रुग्णांवर ते तपासलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले ६४ टक्के, नेहमीच्या उपचारात ३९ टक्के. आजार वेगळा आहे आणि खाण्याच्या विकाराला डॉक्टरची नजर सोबत लागतेच. रक्त, हृदय, वजन हे नियमित तपासणीचे विषय आहेत. पण धडा तोच आहे. आपल्या भाषेत नीट लिहिलेली, तपासलेली, देखरेखीखालची चौकट असेल तर साधी माणसंही मोठं काम करतात. चौकट नसेल तर पदव्यांची माळही कमी पडते.

म्हणून सोलापूरकडे माझ्या मागण्या आहेत आणि त्या कुणालाही आवाक्याबाहेरच्या वाटू नयेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालय आणि शहरातले मानसशास्त्राचे प्राध्यापक यांनी एकत्र बसून खाण्याच्या विकाराची एक उपचार-पुस्तिका करावी. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत. त्यात ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी, भात, आमटी, लग्नातलं जेवण असावं. सँडविच आणि सीरियलची उदाहरणं काढून टाकावीत. टीबी, स्त्रीरोग आणि दंतविभागात "तू जेवतेस का?" आणि "जेवताना मनात काय येतं?" हे दोन प्रश्न विचारण्याची सक्ती असावी. उपचार सुरू झालेल्या प्रत्येकाचं आठवड्याचं वजन आणि खाण्याची नोंद ठेवली जावी आणि वर्षाअखेरीस किती बरे झाले ते जाहीर व्हावं. करमाळ्याहून, सांगोल्याहून दर आठवड्याला एक दिवसाची मजुरी बुडवून येणं अशक्य आहे. मधल्या बैठका फोनवर घ्याव्यात, वजन गावच्या आरोग्य केंद्रात व्हावं. आणि विम्याचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ म्हणतो की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा-संरक्षण हवं. बहुतेक पॉलिसी मात्र रुग्ण दाखल झाला तरच उघडतात. बोलण्याचा उपचार बाहेरून येऊन घ्यायचा असतो. ही फट बुजवायला हवी.

तोवर घरच्यांनी काय करायचं? केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तो पहिला फोन. उपचारक निवडताना लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारा. तुम्ही वही ठेवायला सांगता का? आठवड्याला वजन घेता का? किती बैठका लागतील? चार आठवड्यांत काहीच हललं नाही तर काय बदलाल? आमच्या मुलीसाठी तुम्ही काय वेगळं करताय आणि कशावरून? चांगल्या उपचारकाला हे प्रश्न आवडतात. ज्याला राग येतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. चक्कर, छातीत धडधड, रक्ताची उलटी, दिवसभर पाणीसुद्धा न घेणं, जगणं नकोसं झाल्याचं बोलणं यांतलं काहीही दिसलं तर बैठकीची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

ठरलेला की बेतलेला, हा वाद ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी खुशाल घालावा, त्यातून आपल्यालाही शिकायला मिळेल. आपला क्रम मात्र स्पष्ट आहे. आधी प्रत्येक मुलीला तपासलेली चौकट मिळाली पाहिजे. मग त्या चौकटीत तिचं घर, तिची भाषा, तिचे उपास, तिचं ताट बसवलं पाहिजे, आणि काय बसवलं ते लिहून ठेवलं पाहिजे. यातलं एकही काम सोलापूरच्या ताकदीपलीकडचं नाही. ते झालं नाही, तर कारण म्हणून गरिबी पुढे करू नका. आपण या मुलींना मोजलं नाही, हेच कारण असेल.